फळमाशीच्या माद्यांचं काय?

संपादक महोदय,
आंब्याचा सीझन आला की फळमाशीवर सल्ले सुरू होतात आणि सगळे एकाच सापळ्यावर येऊन थांबतात, मिथाईल युजेनॉल या वासाच्या रसायनाचा. सापळा चांगलाच आहे, आम्हीही लावतो, पण त्याच्या वासाला येतात ते फक्त नर, आणि सालीखाली अंडी घालते ती मादी, तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही!

मादीला अंडी तयार व्हायला प्रोटीन लागतं आणि ते कुठंय हे ती वासावरूनच शोधते. झाडाखाली पडलेला, चीर गेलेला आंबा दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो ना, त्यात यीस्टचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका बारीक बुरशीचा, मोठा हात असतो. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि केळ्यासारखा वास असलेले एस्टर सोडतं आणि किडे ते मिशांवरच्या बारीक केसांनी टिपतात. केळ्यावर घोंगावणारी बारीक चिलटं वेगळी, पण बेल्जियममधल्या संशोधकांनी 2014 मध्ये यीस्टमधला हे एस्टर बनवणारा एकच जीन काढला तर चिलटं त्याच्याकडे कमी जायला लागली. यीस्टला पाय नाहीत, बऱ्याचदा किड्यांच्या अंगावर बसून ते पुढच्या फळावर जातं.

ऑस्ट्रेलियात बिअर कारखान्यातल्या उरलेल्या यीस्टपासून फळमाशीसाठी प्रोटीनचं आमिष बनवतात, त्यात थोडं कीटकनाशक घालून ते झाडावर ठिपक्यांनी मारतात, सगळ्या बागेवर फवारा नाही. त्याला माद्यासुद्धा येतात. आपल्याकडे असं आमिष गावातल्या कृषी दुकानात सहज मिळावं आणि पडलेली फळं रोज उचलून खोल पुरण्याबद्दलही तुमच्या शेतीच्या पानावर सविस्तर छापावं, ही कळकळीची विनंती.

- एक आंबा बागायतदार, रत्नागिरी