अंगावर कोणी काढलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कवटीच्या तळाशी होणाऱ्या गाठींवरचा लेख वाचला. 'रुग्ण दुखणं अंगावर काढतात, म्हणून निदान लांबतं' म्हणे! लेखकमहाशयांनी एकदा आमच्याकडे चहाला यावं. पाच महिन्यांत करून घेतलेले तीन चष्मे दाखवते.

आमच्या ह्यांना गेल्या वर्षी लांबचं दोन-दोन दिसू लागलं. ठाण्यात तलावपाळीला एक बस आली की ह्यांना दोन दिसायच्या. टीएमटीच्या प्रवाशाला दोन बस दिसतात, इथेच खरं तर शंका यायला हवी होती. आम्ही त्याच आठवड्यात डॉक्टर गाठले. नंबर बदललाय म्हणाले. पुन्हा गेलो, पुन्हा नंबर. तिसऱ्यांदा "काका, वय झालं."

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या एका डोळ्यावर नुसता तळहात धरला. "आता किती दिसतात?" एक. दुसरा डोळा झाकला, तरी एकच. म्हणजे दोष चष्म्याचा नव्हताच, दोन डोळ्यांचा मेळ बसत नव्हता; उजवा डोळा बाहेरच्या बाजूला वळत नव्हता. एमआरआय झाला, गाठ दिसली. कॉर्डोमा. वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होणारी. मेंदूच्या खोडापुढच्या हाडात वाढत वाढत तिने डोळा बाहेर वळवणारी मेंदूची सहावी नस दाबली होती. एवढी दुर्मिळ गाठ पटकन ओळखू आली नाही, हे मी समजू शकते. पण तळहात धरायला काय पैसे पडतात? तुमच्या पानभर लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही. डोकं गच्च धरून बसलेल्या बाईचा फोटो मात्र पाव पान! ह्यांचं डोकं एक दिवस दुखलं नाही.

आणि लेखात म्हटलंय तसं प्रोटॉन किरणांच्या उपचारांसाठी चेन्नईच गाठावी लागते, हे कधीचं? चेन्नईत ते २०१९ साली सुरू झाले, पण २०२३ पासून आपल्या खारघरलाही टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात सोय आहे. ह्यांची गाठ नाकातून दुर्बिणीने काढली. रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा ठेवावा लागला, त्याच्यावर प्रोटॉन दिले. हे किरण ठरावीक खोलीवर थांबतात, मागच्या मेंदूच्या खोडाला कमी झळ लागते. सात-एक आठवडे ठाणे-खारघर लोकलने केलं. त्याचा त्रास नाही झाला. त्रास दिला तो स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांनी. हॉस्पिटल म्हटलं की त्यांचा मीटर बंद! त्यावर छापा की एखादं पान. ह्यांना उजवीकडे बघताना अजून थोडं दोन दिसतं, त्यामुळे भाड्याचे पैसे मीच मोजून द्यायचे.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे