प्रकाशोपचाराचा डोस मिलिज्यूलमध्येच लिहिला जावा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

कोड आणि सोरायसिसच्या रुग्णांना ट्यूब लावलेल्या चेंबरमध्ये उभे करून ३११ नॅनोमीटरच्या नॅरोबँड यूव्हीबी (अरुंद पट्ट्यातल्या अतिनील) किरणांचा उपचार देतात. त्याचा प्रत्येक डोस, म्हणजे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडलेली ऊर्जा, केस पेपरवर मिलिज्यूलमध्ये लिहिणे आपण बंधनकारक करावे. ‘लाइट, २ मिनिटे’ एवढ्या नोंदीवर भागवू देऊ नये.

डोस म्हणजे ट्यूबची तीव्रता गुणिले सेकंद. जुन्या ट्यूबांची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिवॉट असेल, तर ४०० मिलिज्यूलला १०० सेकंद लागतात. ट्यूब बदलल्या, तीव्रता ८ झाली आणि टायमर तसाच राहिला, की त्याच १०० सेकंदांत ८०० पडतात. चेंबरमधून बाहेर येताना अंगावर काहीच दिसत नाही. लाली रात्री चढते आणि सकाळी अंगाला बनियनसुद्धा सोसवत नाही. याच्या उलट, ट्यूब मंदावत गेल्या तरी उजेड डोळ्यांना तेवढाच भासतो. विरार-कल्याणहून आठवड्याला दोन-तीन खेपा घालणारा रुग्ण महिनोन् महिने अपुरा डोस घेत राहतो.

म्हणून प्रत्येक चेंबरपाशी तीव्रता मोजणारा यूव्ही मीटर हवाच, आणि तोही नॅरोबँडसाठी कॅलिब्रेट केलेला (प्रमाणाशी जुळवलेला). यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांच्या सेन्सरने घेतलेला आकडा इथे कामाचा नाही. ट्यूब पाच मिनिटे तापू द्याव्यात, मग रुग्ण उभा राहतो तिथे छाती, कंबर आणि गुडघ्याच्या उंचीवर मोजावे. मोजणाऱ्याने अंग झाकून, गॉगल आणि फेस शील्ड लावूनच आत जावे. ट्यूब बदलल्या की पहिला रुग्ण आत जाण्याआधी पुन्हा मोजावे आणि आकडा तारखेसह दारावर चिकटवावा.

कोडासाठी २०० मिलिज्यूलपासून सुरुवात करून दर खेपेला १० ते २० टक्के वाढवतात. फिकी गुलाबी छटा दिसली की वाढ थांबवायची. त्वचा लालभडक झाली, दुखू लागली किंवा फोड आले, तर उपचार बंद. बरे वाटल्यावर शेवटच्या मानवलेल्या डोसपासून पुढे.

खेपा चुकल्यावर मात्र फार गफलत होते, विशेषतः गणपतीनंतर. रुग्ण बारा दिवस कोकणात राहून येतो, तेवढ्यात त्वचेची सवय मोडलेली असते. खंड ४ ते ७ दिवसांचा असेल तर डोस तोच ठेवावा, ८ ते १४ दिवसांचा असेल तर २५ टक्के आणि १५ ते २१ दिवसांचा असेल तर ५० टक्के कमी करावा. त्याहून मोठा खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे ६०० वर थांबलेल्या या रुग्णाला परतल्यावर ४५० द्यायचे. केस पेपरवर नुसती मिनिटे असतील तर सिस्टरने हा हिशेब करायचा कशावर?

दर खेपेला एक प्रश्नही विचारला जावा: आज काय लावलंय, कोणती गोळी चालू आहे? बावचीच्या तेलात सोरालेन असते, त्याने त्वचा किरणांना हळवी होते. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकनेही तसेच होते.

एक्स-रे मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे लक्ष असते. अतिनील किरणे आयनीकारक नसल्याने हे चेंबर त्या कक्षेत येत नाहीत, म्हणून ही जबाबदारी राज्याने उचलावी. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक चेंबरला लागू होणारे परिपत्रक काढावे. चेंबरच्या निविदेतच मीटर, त्याचे वार्षिक कॅलिब्रेशन आणि रुग्णांचे गॉगल धरावेत.

आपले,
मुंबईत प्रकाशोपचार देणारे डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ