रंगाआधी चासी पाहायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसे तिने कबूल केले आहे. ते मी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण समोरासमोर आभार मानू लागलो की तुम्ही विषय बदलता, आणि चार महिन्यांच्या रविवारांचे मोल म्हणून एक रुपयाही तुम्ही घेतला नाहीत. शिवाय तुम्ही मला जे दाखवले, ते घरच्या घरी जुनी गाडी उभी करणाऱ्या आणखी कितीतरी जणांच्या कामाचे आहे.

बाबांची येझदी रोडकिंग मोटारसायकल १९८६ सालची. कोल्हापूरहून भुदरगडातल्या शाळेपर्यंत त्यांनी ती वर्षानुवर्षे चालवली आणि निवृत्तीनंतर ती जिन्याखाली उभी राहिली. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६मध्ये बंद झाला. त्यामुळे टाकीचे झाकण, केबल, रबरे असे सुटे भाग आजही कोणी ना कोणी बनवून विकत असले, तरी आमच्या गाडीच्या कागदपत्रांवर ज्या चासीचा, म्हणजे लोखंडी सांगाड्याचा, नंबर आहे ती चासी जगात एकच आहे आणि ती बिघडली की गाडी संपली, हे मला तोंडाने माहीत होते. त्याचा अर्थ मात्र तुम्ही आलात तेव्हा कळला.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो जुलैचा दिवस होता. मी इंजिन उतरवून, वायरिंग काढून, चासी पार्किंगमध्ये दोरीला टांगली होती आणि दोन दिवस ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून जुना रंग खरवडला होता. रात्री पांढरेशुभ्र दिसणारे लोखंड सकाळी नारिंगी झालेले पाहून मी घाईने त्यावर रेड ऑक्साइडचा, म्हणजे रंगाआधीच्या तांबड्या अस्तराचा (प्रायमरचा), हात मारला होता. कोल्हापुरातल्या पावसाळी हवेत उघडे लोखंड एक रात्रही तग धरत नाही, हे ध्यानात घ्यायला हवे होते. रस्त्याने जाताना तुम्ही थांबलात, परवानगी विचारून आत आलात, आणि खालच्या नळीवर अंगठ्याचे नख दाबून ओढलेत. रेड ऑक्साइडची सालपट निघाली व तिच्या आत गंजाची पूड दिसली. तुम्ही एवढेच म्हणालात, "ह्यो रंग न्हाई, झाकण हाय." मग चहा घेतलात आणि दिवाळीनंतर निरोप धाड, असे सांगून निघून गेलात.

मला त्या दिवशी राग आला होता, हे आज मोकळेपणाने कबूल करतो. मित्र सांगत होते की चासी सरळ पावडर कोटिंगला द्यावी, दोन दिवसांत चकाचक होऊन येईल. तुम्ही पावडर कोटिंगला वाईट म्हटले नाही. चांगल्या ठिकाणी, नीट तयारी करून केले तर ते टिकते, हे तुम्हीच सांगितलेत. पण ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजले जाते, त्याचा थर जाड बसतो, बेअरिंगच्या वाट्या आणि आटे न चुकता झाकावे लागतात, नंबर ठोकलेली जागा बुजण्याची भीती असते, आणि पुढे कुठे वेल्डिंग करावे लागले तर घरी बसून तेवढाच तुकडा दुरुस्त करता येत नाही. या सगळ्याहून मोठे कारण तुमच्या दृष्टीने वेगळे होते. चासी अजून कोणी नीट पाहिलेलीच नव्हती.

नोव्हेंबरात आपण पुन्हा सुरुवात केली ती धुण्यापासून. घासायचा कागद हातात घेण्याआधी डिझेल, मग साबणाचे पाणी, मग कोरडे फडके, असा क्रम तुम्ही लावून दिलात. चाळीस वर्षांचे ग्रीस तसेच ठेवून कागद फिरवला तर ते ग्रीस लोखंडाच्या खरवडीत आणखी आत जाऊन बसते आणि पुढे कितीही भारी रंग मारला तरी तिथे तो धरत नाही, हे तुमचे स्पष्टीकरण मला पहिल्यांदाच ऐकायला मिळाले. नळ्यांच्या उघड्या तोंडांतून भुदरगडची तांबडी माती निघाली. बॅटरीच्या पेटीखालचा पत्रा ॲसिडने चाळणी झाला होता. तो कापून नवा लावला. पेंट रिमूव्हर, ऐंशी नंबरचा कागद आणि कोपऱ्यांसाठी कागदाच्या अरुंद पट्ट्या असे करत तीन रविवार गेले. ते काम कंटाळवाणे होते आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे आहे ते चौथ्या रविवारचे. मोठ्या स्टँडच्या जोडाजवळ एक बारीक रेघ होती. मी तिला जुन्या रंगाचा ओरखडा समजत होतो आणि तिच्यावर भरायला लांबीचा (पुट्टीचा) डबाही आणून ठेवला होता. तुम्ही रॉकेल विचारलेत. रॉकेल आता घरात कोणाकडे असते, म्हणून शेवटी डिझेलवर भागवले. त्या जोडावर डिझेल चोळून तुम्ही पाच मिनिटे थांबलात, फडक्याने जागा खडखडीत कोरडी केलीत आणि शाळेतल्या खडूची पूड वर फासून मला पाहत राहायला सांगितलेत. थोड्या वेळाने त्या पांढऱ्या पुडीत एक ओली काळी रेघ हळूहळू उमटली. मला वाटत होते त्याच्या दुप्पट लांब, जोडाला वळसा घालून मागे गेलेली. चिरेत मुरलेले तेल खडूने बाहेर ओढले होते. काका, त्या रेघेवर लांबी भरून, वर काळा रंग मारून, मी त्या गाडीवर माझ्या मुलीला मागे बसवून शाळेत सोडणार होतो.

त्यानंतर तुम्ही चासी घेऊन माझ्याबरोबर उद्यमनगरात वेल्डिंगच्या दुकानात आलात. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचे, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग ग्राइंडरने खाच काढून वेल्डिंग खोलवर भरायचे. आणि हे करताना स्विंगआर्मची, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याची, पिन जागेवर बसवूनच ठेवायची, म्हणजे उष्णतेने चासी ओढली गेली तरी भोके एका रेषेत राहतात. हे सगळे तुम्ही वेल्डिंगवाल्याला सांगितलेत ते त्याच्या कामाचा मान ठेवून, जणू त्याला हे ठाऊकच आहे आणि तुम्ही फक्त आठवण करून देत आहात. माणसाशी कसे बोलावे हेही मी त्या दुकानात शिकलो. लांबीचा डबा तुम्ही परत करायला लावलात. लांबी टाकीला आणि बाजूच्या डब्यांना शोभते. चासीच्या नळीवर पोचा असेल तर तो दिसला पाहिजे, कारण तो गाडी कुठे पडली होती ते सांगतो, हे तुमचे मत मला आज पूर्ण पटलेले आहे.

नंबर ठोकलेल्या जागेची तुम्ही जी काळजी घेतलीत तिचे मोल फेब्रुवारीत कळले नव्हते, पण मार्चमध्ये कळले. त्या जागेवर ग्राइंडर फिरवू दिला नाहीत. तिथला रंग रिमूव्हर आणि दात घासायच्या ब्रशाने काढायला लावलात, आणि नंतर प्रायमर व रंग दोन्ही तिथे विरळ ठेवायला सांगितलेत. जुन्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि तेव्हा चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट द्यावा लागतो. आरटीओत मी कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तेव्हा अंक आणि अंक स्वच्छ उमटला. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. त्यांच्या गाडीवर इतका जाड रंग बसला होता की नंबर उमटतच नव्हता आणि त्यांना परत पाठवण्यात आले. त्यांचा चेहरा पाहून मला तुमचा तो दात घासायचा ब्रश आठवला.

रंगाच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळे थांबवलेत, त्याविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. मी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आणि हार्डनर घालायचा काळा पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणला होता, कॉम्प्रेसर भाड्याने आणला होता, त्याच्या टाकीतले पाणी सोडून झाले होते, आणि तोंडाला बांधायला मोठा रुमाल काढून ठेवला होता. तो रुमाल पाहून तुम्ही खुर्चीवर बसून राहिलात. या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचे बाधते, एकदा शरीराने त्याचा राग धरला की पुढे थोड्याशा वाफेनेही दमा उसळतो, आणि त्याला धोका जाणवावा असा वासही येत नाही, हे मी नंतर वाचले. तुम्ही मला एवढेच म्हणालात, "ह्यो खोकला मी चाळीस वर्षांत कमावलाय. तू घेऊ नगंस." तुमच्या तारुण्यात ओला रुमाल हेच एकमेव साधन होते आणि तेही स्वतःच्या खिशातले. नवी कार्ट्रिज लावलेला मास्क, हातमोजे आणि चष्मा येईपर्यंत आणखी एक आठवडा गेला, आणि रंगाच्या वेळी तुम्ही स्वतः वारा जिकडून येत होता त्या बाजूला, फाटकापाशी लांब बसून हातवाऱ्यांनी सूचना देत होतात. हा आठवडा तुम्ही माझ्या आयुष्यात घातलात, असे मी मानतो.

रंग फवारायची गन तुम्ही हातात घेतली नाहीत. तुमचा हात इतका सरावलेला असताना, मी पहिल्याच नळीवर ओघळ पाडत असताना, तुम्हाला ते पाहवत नसणार. तरी तुम्ही मला जुन्या पाइपांच्या तुकड्यांवर सराव करायला लावलात आणि मग चासीकडे पाठवलेत. आधी आतले कोपरे, जोडांच्या खालच्या बाजू, जिथे कोणी पाहत नाही तिथे. मग लांब नळ्या, आणि त्याही आडव्या न मारता नळीच्या लांबीने, फवारा अरुंद ठेवून, वीतभर अंतरावरून. पहिला हात नुसता धुरळ्यासारखा, पुढचा त्याला धरून बसावा म्हणून. पंधरा मिनिटांनी दुसरा ओला. आणि तिसरा मारायची हौस असली तरी बोल्टांच्या बैठकीवर मारायचा नाही, कारण बोल्टाखालचा जाड रंग पुढे दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट ढिला पडतो. ओघळ पडला तेव्हा मी फडके घेऊन धावलो, तर तुम्ही दुरूनच हात आडवा केलात. आठवड्याने तो वाळल्यावर आठशेच्या वॉटर पेपरने तो इतका सहज निघाला की कुठे होता ते आज मलाही सापडत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या कोरड्या उन्हात काळी चासी टांगलेली पाहून बाबा काठी टेकत जिना उतरून आले. ते काही बोलले नाहीत. स्टँडच्या जोडापाशी वाकून त्यांनी वेल्डिंगची जागा बोटाने चाचपली आणि तुमच्याकडे पाहून हात जोडले. तुम्हीही खुर्चीतून उठून हात जोडलेत. तुमच्या दोघांच्या वयाच्या माणसांना एकमेकांचे आभार कसे मानायचे ते बरोबर ठाऊक असते. मला त्यासाठी एवढे लांब पत्र लिहावे लागत आहे.

जोडणी करताना हॉर्न वाजेना आणि दिवा मिणमिणू लागला, तेव्हा मी नवे वायरिंग पुन्हा उकलायला घेतले होते. फोनवर तुम्ही एकच प्रश्न विचारलात, अर्थिंगचा बोल्ट कशावर बसलाय? तो आपल्या सुंदर काळ्या रंगावर बसला होता आणि रंगातून वीज जात नाही. नाण्याएवढी जागा खरवडून लोखंड उघडे केले, बोल्ट आवळला, वरून थोडे ग्रीस लावले आणि हॉर्न असा वाजला की समोरच्या गॅलरीत लोक आले.

बाबांना मागे बसवून मी त्यांना त्यांच्या जुन्या शाळेपर्यंत नेऊन आणले. चासीतून कुठलाही आवाज आला नाही. स्टँडच्या जोडावरचा रंग पहिल्या हजार किलोमीटरनंतर भिंगाने पाहायचा, तिथे केसाएवढी रेघ दिसली तरी गाडी उभी करायची, असे तुम्ही बजावले होते. काल मीटरवर नऊशे ऐंशी झाले. येत्या रविवारी उरलेले वीस तुमच्या घराच्या रस्त्यावर पूर्ण करून सकाळी नऊपर्यंत पोहोचतो. भिंग आणि खडू मी आणतो. पाहायचे मात्र तुम्हीच.

आपला कृतज्ञ,
रोडकिंगवाल्या गुरुजींचा मुलगा
कोल्हापूर