आगीच्या बंबाचा जमाखर्च

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, इथले, म्हणजे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या गावांतले, बंबवाले पगार घेत नाहीत, मग घरोघर पैसे कशाला मागतात, असं तुम्ही विचारलंत. माणसं फुकट येतात, सामान येत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी, म्हणजे आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक, काढली, तेव्हा सभासद चामडी बादल्या स्वखर्चाने आणत. आज एका माणसाचा आगरोधक कोट, पँट, बूट, हेल्मेट मिळून तीन-चार हजार डॉलर सहज होतात.

पैसा येतो बऱ्याच वाटांनी, पण प्रत्येकाचा खिसा वेगळा. पेनसिल्व्हेनियाबाहेरच्या विमा कंपन्यांच्या अग्निविमा हप्त्यांवर राज्य २ टक्के कर घेतं. तो गावामार्फत ‘रिलीफ असोसिएशन’कडे जातो. ही बंबवाल्यांच्या मदतीसाठीची, पण बंबाच्या पथकापासून कायद्याने वेगळी संस्था. तिचं बँक खातं, पदाधिकारी वेगळे. त्यातून प्रशिक्षण, विमा, सुरक्षेचं सामान घेता येतं. त्यातून बंबाच्या स्टेशनचं वीजबिल भरलं की राज्याच्या हिशेब तपासणीत ते उघडं पडतं आणि पैसे परत भरावे लागतात. त्यामुळे एका खात्यात शिल्लक आणि दुसऱ्यात खडखडाट, हे नेहमीचंच. वीज, डिझेल, छप्पर यांसाठी उरतो गावचा कर, वर्गणी, बिंगो (आकड्यांचा खेळ) आणि लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी विकलेली मासळी. आई, त्या मासळीच्या गल्ल्यातून मासे, तेल, डबे वजा केल्यावर जे उरतं तेवढंच खरं, पण सभेत सांगतात गल्ल्याचाच आकडा!

खरी गोची मुदतीची. कोटाच्या आतल्या लेबलवर उत्पादनाची तारीख असते. तिथून १० वर्षांनी, न वापरलेला असला तरी, तो बाद. श्वसनयंत्राच्या कार्बन-फायबर सिलिंडरची दर ५ वर्षांनी दाबचाचणी, साधारण १५ वर्षांनी निवृत्ती. केंद्राचं अनुदान मिळालं की छोट्या गावाला (२०,००० वस्तीपर्यंत) स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात, म्हणून कोट-पँटचे वीसच्या वीस संच एकदम घेतात. ते सगळे एकाच वर्षी बाद होतात, आणि तेव्हा अनुदान मिळेलच असं नाही. त्यापेक्षा दरवर्षी दोन संच बदलावेत आणि बंबासाठी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकावी.

बाबा, तुम्ही बँकेतले, पुढचं तुम्हाला सांगायला नको. बिंगोची रोकड दोघांनी मोजून चिठ्ठीवर सह्या करायच्या, दुसऱ्या दिवशी भरणा, चेकवर दोन सह्या. आणि बँकेचं स्टेटमेंट अशाने उघडायचं ज्याला चेकवर सहीचा अधिकारच नाही. खजिनदार कितीही देवमाणूस असो.

इथल्या नमुन्याचा ताळेबंद पुढच्या टपालाने पाठवते. घसाऱ्याचा रकाना तेवढा नजरेखालून घाला.

तुमची,
ताई