बारावीत झालेलं एफवायला पुन्हा कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अकरावी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आपल्या ठाणे पुरवणीत कटऑफचे रकाने भरभरून येतात. प्रवेश मिळाल्यावर मुलं दोन वर्षं काय शिकतात आणि त्या शिकण्याचं पुढे काय होतं, यावर मात्र फारसं काही छापून येत नाही. मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात द्विलक्षीचं, म्हणजे बायफोकलचं, संगणकशास्त्र शिकवते, म्हणून मला या 'पुढे'बद्दल बोलायचं आहे.

बायफोकल म्हणजे जास्तीची फी एवढंच बऱ्याच पालकांना माहीत असतं. दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सोडून मुलं त्या जागी हा दोनशे गुणांचा विषय घेतात. त्यात डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस, एचटीएमएल असतं. शिवाय ८०८५ मायक्रोप्रोसेसर (संगणकाच्या मेंदूचं काम करणारी चिप) आणि नेटवर्किंग.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कळव्याची एक मुलगी होती. वडील रिक्षा चालवायचे, घरी कॉम्प्युटर नव्हता. प्रॅक्टिकलची बॅच सुटली तरी ती ८०८५च्या सरावाच्या किटसमोरून हलायची नाही. शिपाईमामा दारात चाव्या वाजवत उभे राहायचे. 'एमव्हीआय ए' म्हणजे ३ई, 'एमव्हीआय बी' म्हणजे ०६, असे ऑपकोड, म्हणजे चिपला द्यायच्या आज्ञांचे आकडे, ती तक्त्याकडे न बघता दाबायची. आउटपुट चुकलं तर प्रोग्राम पहिल्यापासून न टाकता एकेक पत्ता तपासत जायची. हे मी तिला शिकवलं नव्हतं. पुढे तिने बीएस्सी आयटीला प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात फळ्यावर 'व्हेरिएबल म्हणजे काय' आणि दुसऱ्या सत्रात पुन्हा तोच ८०८५! मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या आयटीच्या अभ्यासक्रमात तो पहिल्याच वर्षी होता. तिने मला फळ्याचा फोटो पाठवला आणि खाली फक्त हसणारा चेहरा. आता अभ्यासक्रम बदललेत, पण बायफोकल करून गेलेली मुलं भेटली की प्रोग्रामिंगची तीच बाराखडी गिरवल्याचं सांगतात.

अमेरिकेत याचं काय करतात ते मला नणंदेच्या मुलामुळे कळलं. तो न्यू जर्सीत हायस्कूलला आहे. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे 'एपी' नावाचे अभ्यासक्रम शाळेतच शिकवतात. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५०च्या दशकापासून ते चालवते. दर मे महिन्यात परीक्षा, गुण १ ते ५. तीन किंवा त्याहून जास्त मिळाले तर बरीच कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय पदवीसाठी झालेला धरतात. काही ५ मागतात, काही नामांकित संस्था काहीच देत नाहीत. पण कुठल्या विषयात किती गुणांना काय मिळेल, याचा तक्ता बहुतेक कॉलेजं आधीच जाहीर करतात. मुलाला परीक्षेला बसायच्या आधी ठाऊक असतं. (आपल्याकडे प्रवेश झाल्यावरही ठाऊक नसतं.)

हे वाचून घोडबंदर रोडवर उद्या 'एपी'चे क्लासेस निघावेत, अशी माझी मुळीच इच्छा नाही. नौपाड्यात आणि गोखले रोडला आहेत तेवढे क्लास पुरेत. परदेशी बोर्डांच्या मुलांना परदेशी विद्यापीठांत सवलती मिळतात, मिळोत. माझं म्हणणं आपल्या बोर्डाच्या मुलांपुरतं आहे.

कागदावर सगळी तयारी झालेली आहे. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे मुलांनी मिळवलेली क्रेडिट्स खात्यावर साठवायच्या सोयीचे, नियम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२१ मध्ये काढले. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) आराखडा आला; त्यात पाचवीपासून पीएचडीपर्यंत सगळ्या शिक्षणाचे श्रेयांक मोजायची सोय आहे, तीस तासांचं शिक्षण म्हणजे एक श्रेयांक. या खात्यासाठी मुलांचे बारा अंकी 'अपार' ओळख क्रमांक काढायचं फर्मान आलं, तेव्हा पालकांची संमतिपत्रं आम्ही शिक्षकांनीच गोळा केली. खाती उघडली. आमच्या बायफोकलचे तास त्या खात्यावर कोण, केव्हा आणि कसे जमा करणार, हे विचारलं तर सगळे वर बोट दाखवतात.

आणि हे आपल्याकडे अगदीच नवीन आहे असंही नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. म्हणजे आधीचं शिक्षण धरून एक अख्खं वर्ष माफ करायला आपण कधीच शिकलो आहोत. मग एका विषयाला एवढा विचार कसला?

यावर पदवीच्या प्राध्यापकांचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे: बारावीच्या प्रॅक्टिकलचे गुण खिरापतीसारखे वाटले जातात. म्हणून ते गुण धरूच नका. एपीतही शाळेने दिलेले गुण कुणी विचारत नाही. बाहेरची परीक्षा असते आणि तिचे लेखी पेपर जूनमध्ये हायस्कूलचे शिक्षक आणि कॉलेजचे प्राध्यापक एकत्र बसून तपासतात. आमच्याकडे ज्युनिअर आणि डिग्री एकाच इमारतीत असून स्टाफरूम वेगळ्या आणि चहाची वेळही वेगळी!

फी वाचेल, अशा भ्रमात पालकांनी राहू नये. तिकडे बऱ्याच ठिकाणी फी क्रेडिटवर असते, इथे ती वर्षाची असते. वाचेल तो वेळ. कळव्याच्या त्या मुलीला त्या तासांत सांख्यिकी घेता आली असती किंवा एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावरचा आयआयटीचा एखादा कोर्स करता आला असता. तो शिकायला फुकट असतो, पैसे पडतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. संध्याकाळी ती मॉलमधल्या दुकानात काम करायची, तेव्हा दिवसातला एकेक तास तिला मोलाचा होता.

विद्यापीठाची वाट बघायचीही गरज नाही. बांदोडकर महाविद्यालयासारखी ठाण्यातली काही महाविद्यालयं स्वायत्त आहेत. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्याच हातात आहेत. त्यांनी एकाच विषयापासून, प्रथम वर्षाच्या प्रोग्रामिंगपासून, सुरुवात करावी. प्रवेश झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात ऐच्छिक परीक्षा घ्यावी, लेखी आणि मशीनवरची. जो पास होईल त्याला तो विषय माफ आणि त्या जागी पुढचा विषय घ्यायची मुभा. परीक्षा कधी आणि अर्ज कुठे करायचा, एवढं प्रॉस्पेक्टसमध्ये छापा. मुलं पाठवायचं आमच्याकडे लागलं, आणि पेपर तपासायला बोलावलंत तर मी वरच्या मजल्यावर यायला तयार आहे.

आपली,
द्विलक्षी संगणकशास्त्राची एक शिक्षिका,
नौपाडा, ठाणे