आधी वाचलेली माणसं

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस की नोकरी सांभाळून संध्याकाळचा कोर्स करतेस खरी, पण वर्गात कुणाशी जमलं का? "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. पण एवढ्यावर सोडवेना, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या बाईंनी सुरुवातीलाच एक शिस्त लावली. दर आठवड्याला प्रत्येकाने पानभर लिहायचं, विषय आपला आपण निवडायचा आणि ते वर्गातल्या सगळ्यांना ऑनलाइन वाचायला द्यायचं. शिवाय निदान दोघांना मनापासून उत्तर लिहायचं. नुसतं "छान" चालत नाही. आम्ही सगळे नोकरदार. तास संपला की जो तो घर गाठायला पळतो. हे लिहिणं नसतं, तर वर्षभर शेजारी बसूनही आम्ही एकमेकांना फक्त चेहऱ्याने ओळखलं असतं.

वर्गात माझ्यापेक्षा बरेच मोठे एक गृहस्थ आहेत. शेवटच्या बाकावर बसतात, फारसं बोलत नाहीत. त्यांनी एकदा लिहिलं की त्यांच्या आईची स्मृती जात चालली आहे आणि ती त्यांना त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारते. आधी ते तिची चूक दुरुस्त करायचे. आता त्या नावाला ओ देतात. हे वाचल्यावर पुढच्या तासाला ते जिन्यात भेटले, तेव्हा "काय, कसं काय?" विचारणं मला जमेचना. मी विचारलं, "आज आईंनी कुणाला हाक मारली?" त्यांनी खांद्यावरची बॅग उतरवून पायरीवर ठेवली. "आज मलाच," म्हणाले. रखवालदार दिवे घालवायला येईपर्यंत आम्ही तिथेच बोलत उभे होतो.

अल्टमन आणि टेलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली मांडलं होतं की ओळख वरच्या गोष्टींपासून सुरू होते आणि विश्वास वाढेल तशी हळूहळू आत शिरते. आमच्याकडे हा क्रम उलटला आहे. कोण कशाला घाबरतं, कुणाला कशाची खंत आहे हे आधी कळलं. आडनाव, राहायचं ठिकाण, घरी कोण कोण, हे नंतर. त्यामुळे भेटल्यावर बोलणं थेट मधूनच सुरू होतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण यात एक अवघड जागाही आहे. आमच्यातली एक मुलगी इतकं धीट, मोकळं लिहिते की मी तिच्या प्रेमातच पडले होते. समोर भेटली, तर मान खाली आणि उत्तरं तुटक. मला क्षणभर फसवल्यासारखं झालं. जोसेफ वॉल्थर या संशोधकाने 1996 मध्ये याचं कारण नेमकं सांगितलं आहे: लिहिणाऱ्याला वेळ असतो, तो आपलं चांगलं तेवढं निवडून मांडतो आणि वाचणारा उरलेल्या जागा आपल्या मनाने भरतो, त्याही चांगल्याच गोष्टींनी. म्हणजे मी तिची जी मूर्ती घडवली होती, तिच्यात निम्मी मीच होते. पुढे दोन-चार भेटींत कळलं की ती गप्प नसते, शब्द जुळवत असते. तिला थोडा वेळ दिला की लेखनातली तीच मुलगी समोर बोलू लागते.

आणखी एक गोष्ट आम्ही हळूहळू शिकलो. कुणी लिहिलेलं खासगी दुःख दुसऱ्याने बाहेरच्या चारचौघांत मोठ्याने काढलं, तर ते माणूस मिटून जातं. आमच्यात एकदा तसं झालं, आणि नंतर कितीतरी आठवडे त्या व्यक्तीने फक्त पुस्तकांवर लिहिलं. वाचायला दिलं म्हणजे बोलायलाही दिलं, असं होत नाही.

बाबा, तुम्ही शिक्षक, म्हणून हे खास तुमच्यासाठी. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक गावातले शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्याने त्यांना फार वेळ बोलवत नसे. 1924 मध्ये त्यांनी वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपलं लिखाण स्वतः छापायची, एकमेकांचं वाचायची आणि दूरच्या शाळेतल्या मुलांनाही पाठवायची. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट बाईंनी सांगितली, तेव्हा मला तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आला.

आता एक मागणं. फोनवर आपलं बोलणं तब्येत आणि औषधांपुढे जात नाही, आणि लगेच तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणता. महिनाअखेरीस मी येणार आहे. त्याआधी मला पानभर लिहून पाठवा. नोकरीच्या पहिल्या वर्षाबद्दल लिहा: कुठे राहत होतात, पहिल्या वर्गात कोण मुलं होती, कशाची भीती वाटायची. आई, तूही लिही. लग्नाआधी तू शिकवण्या घ्यायचीस, याहून जास्त मला काहीच ठाऊक नाही. हाताने लिहिलंत तरी चालेल, फोटो काढून पाठवा. अक्षर, शुद्धलेखन कशाचीही काळजी करू नका. दोघांनी वेगवेगळं लिहा आणि आधी एकमेकांना दाखवू नका. मी वाचून, प्रश्न काढूनच येईन. या वेळी दोन दिवस जास्तीची रजा टाकली आहे.

तुमची,
लेक