फसली तारीख वाचणारे आता किती?

महोदय,

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्तचे आपल्या पुरवणीतील लेख वाचले. ते सारे १७ सप्टेंबर १९४८ला येऊन थांबतात, म्हणून हे पत्र.

आजोबांच्या नावचा एक उर्दू कागद घेऊन मी अलीकडे नव्वदी ओलांडलेल्या एका निवृत्त इतिहास-प्राध्यापकांकडे गेलो होतो. कागदावर ‘आबान १३५२ फसली’ अशी निजामी राजवटीतल्या महसुली कालगणनेची तारीख होती आणि मी नियमाप्रमाणे ५९० मिळवून १९४२ साल काढले होते. सरांनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केले. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात आजर महिन्याने सुरू होई. त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत ५९० मिळवायचे, पण जानेवारी लागला की ५९१. आबान हा शेवटचा महिना, म्हणून साल १९४३. जमिनीच्या दाव्यात एका वर्षाच्या चुकीने काय होते, हे वकिलांना विचारावे!

हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेले नाही. नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यात घरी मराठी आणि शाळेत उर्दू, अशा वातावरणात ते वाढले. रझाकारांच्या धास्तीने त्यांचे कुटुंब सरहद्द ओलांडून वऱ्हाडात उमरखेडला नातेवाइकांकडे गेले आणि पोलीस कारवाईनंतर परतले, तेव्हा ज्यांनी त्यांना अलिफ-बे गिरवायला शिकवले त्या मौलवीसाहेबांचे घर ओस पडलेले होते. दोन्ही गोष्टी सरांनी एकाच आवाजात सांगितल्या. एक सांगताना दुसरी झाकली नाही. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा हे सर्वाधिक पोळलेले जिल्हे म्हणून नोंदवले होते, परंतु तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही. आपल्या पुरवणीतही त्याचा उल्लेख नाही, हे मला खटकले.

पुढे शाळांचे माध्यम बदलले, हाली सिक्का हे निजामाचे चलन गेले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. दफ्तरे मात्र होती त्याच लिपीत राहिली. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. गरज पडली की धावपळ करायची, एरवी वर्षातून एकदा सत्कार करायचा, हा आपला शिरस्ता आहे.

विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आणि पुराभिलेख कार्यालयाने अशा वृद्ध जाणकारांपुढे दफ्तरातले प्रत्यक्ष कागद ठेवून त्यांचे वाचन आणि आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी विनंती आहे. सरांची तयारी आहे. शिकायला येणाऱ्याने उर्दूची अक्षरओळख करून यावे आणि शाल आणू नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

– एक निवृत्त शिक्षक, परभणी